वॉल्व्हची पेटी भंगारात घालण्यापूर्वी

तुमच्या वाडीतल्या देवळाच्या माळ्यावर, मशिदीच्या मागच्या खोलीत, शाळेच्या कपाटाखाली किंवा मंडळाच्या भांड्याकुंड्यांत एक जड लोखंडी पेटी पडून आहे का, ते एकदा पाहा. पुढच्या बाजूला चार-पाच काळी बटणे, मागे जाळीचे झाकण, आणि एकट्याने उचलायला गेले तर कमरेत लचक भरेल असे वजन. जाळीतून डोकावले की धुळीने माखलेल्या काचेच्या नळ्या दिसतील. काही अंगठ्याएवढ्या, काही लहान पेल्याएवढ्या. ही पेटी म्हणजे वॉल्व्हचा ॲम्प्लिफायर. गावात त्याला कोणी एवढे लांब नाव घेत नसे. 'मशीन' म्हटले की कळायचे. मशीन, कर्णा आणि माईक एवढे आले की कार्यक्रम उभा राहिला.

भंगारवाले टेंपो घेऊन दारोदार येतात, त्यांची नजर या पेट्यांवर असते. आत ट्रान्सफॉर्मरचे लोखंड आणि तांबे भरपूर, म्हणून पेटी किलोच्या भावाने उचलली जाते. तुम्हीही म्हणाल, चाळीस वर्षे वापरली नाही, जागा अडते, जाऊ द्या. जाऊ द्यायला हरकत नाही, पण देण्यापूर्वी आत काय आहे ते माहीत असावे. त्या काचेच्या नळ्यांना काही वेळा संपूर्ण पेटीच्या भंगारापेक्षा जास्त किंमत येते. आणि दुसरी बाजू अशी की, "बघू या चालते का" म्हणून उत्साही मुलाने ती पेटी उघडून प्लग लावला तर त्याच्या जिवावर बेतू शकते. दोन्ही गोष्टी सांगायच्या आहेत, म्हणून हा लेख.

दाभोळच्या बंदरावर उभे राहिले की समोर खाडीपलीकडे धोपावे दिसते. वाशिष्ठी इथे समुद्राला मिळते. गाव जुने, बंदर त्याहून जुने. विजापूरच्या आदिलशाहीतली मशीद अजून किनाऱ्यावर उभी आहे आणि खडकाच्या पोटात चंडिकादेवी आहे. मुंबईहून येणारी आगबोट पूर्वी इथे लागत असे. अशा गावात आवाजाला फार मोल. होडीवरून हाक मारायची, खाडीपलीकडे निरोप द्यायचा, नमनाच्या खेळात शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत सोंगाचे बोलणे पोचवायचे, हे सारे माणसाच्या गळ्यावर चालत आले होते. जाखडीचा शाहीर रात्रभर गाऊन पहाटे बसका आवाज घेऊन घरी जाई. कर्णा आला आणि गळ्याला विसावा मिळाला.

खाडीकाठच्या लोकांना एक अनुभव ठाऊक असतो. दुपारी अलीकडे कितीही मोठ्याने गाणे लावले तरी पलीकडे धड ऐकू जात नाही. तेच संध्याकाळी वारा पडला की शब्द न् शब्द जातो. यात कर्ण्याची करामत नाही. सूर्य कलल्यावर पाण्यालगतची हवा लवकर थंड होते आणि तिच्या वरची हवा उबदार राहते. अशा वेळी आवाज वर जाऊन विरून न जाता पुन्हा पाण्याकडे वळतो. म्हणून पलीकडच्या गावचे भजन आपल्या अंगणात आल्यासारखे वाटते.

वीज नव्हती तेव्हा काय करीत?

नव्या पिढीला हा प्रश्न पडतो. पोफळीचे कोयनेचे वीजघर १९६२ साली सुरू झाले, ते आपल्याच जिल्ह्याच्या डोंगरात. पण कोकणातल्या वाड्यावाड्यांपर्यंत तारा यायला पुढे बरीच वर्षे लागली. (दाभोळचे नाव पुढे विजेमुळेच जगभर गाजले. १९९० च्या दशकातला तो 'दाभोळ' वीजप्रकल्प मात्र खाडीच्या पलीकडे, गुहागरच्या बाजूला अंजनवेलजवळ आहे. नाव एकाचे, धुराडे दुसऱ्याच्या दारात!) तारा येण्यापूर्वी मशीन चाले ते मोटारीच्या बॅटरीवर.

आता हिशेब बघा. वॉल्व्हच्या मशीनला कर्ण्यातून पन्नास वॅट आवाज काढायचा, तर बाहेरून दीड-पावणेदोनशे वॅट वीज ओढावी लागते. म्हणजे बारा व्होल्टच्या बॅटरीतून बारा-पंधरा अँपिअर. पंचाहत्तर अँपिअर-तासांची चांगली भरलेली बॅटरी कागदावर पाच-सहा तास पुरते, प्रत्यक्षात चार तासांत मान टाकते. लग्न दोन दिवसांचे असले की लाऊडस्पीकरवाला दोन-तीन बॅटऱ्या घेऊन येई, आणि संपलेली बॅटरी चार्ज करायला तालुक्याच्या गावी कोणाला तरी एस.टी.च्या टपावरून धाडावी लागे. माईकवर फार वेळ बोलणाऱ्या पुढाऱ्याकडे स्पीकरवाला रागाने का बघत असे, ते आता कळले असेल.

बरे, बॅटरीची बारा व्होल्ट वीज वॉल्व्हला चालत नाही. त्याला तीनशे-चारशे व्होल्ट लागतात. म्हणून मशीनमध्ये 'व्हायब्रेटर' नावाचा भाग असे. त्यातली पोलादी पट्टी सेकंदाला शंभरेक वेळा थरथरून वीज जोडत-तोडत राही आणि मग ट्रान्सफॉर्मर ती वाढवून देई. मशीन चालू केले की आधी जो भुंग्यासारखा गुणगुण आवाज येई तो याचाच.

काचेच्या नळीत चालते तरी काय?

वॉल्व्ह म्हणजे झडप. नाव अगदी नेमके आहे, आणि शेतकऱ्याला ते समजायला मुळीच अवघड नाही. पाटाच्या पाण्याला जे फळीचे दार असते ते आठवा. पाण्याचा लोंढा कितीही मोठा असो, दार वर-खाली करायला एका हाताचे बळ पुरते. हात जसा हलेल तसा लोंढा कमी-जास्त होतो. पाण्याची ताकद धरणाची, हुकूम हाताचा. वॉल्व्हमध्ये हेच होते, पाण्याच्या जागी वीज असते एवढेच.

नळीच्या मध्यभागी एक बारीक नळकांडे असते, त्याला कॅथोड म्हणतात. त्यावर बेरियम आणि स्ट्रॉन्शियम या धातूंच्या क्षारांचा पांढरा लेप असतो. आतल्या तारेने ते लालबुंद तापले की लेपातून विजेचे सूक्ष्म कण, भट्टीतल्या तापल्या वाळूतून लाह्या उडाव्यात तसे, बाहेर उडू लागतात. बाहेरच्या बाजूला धातूचे आवरण असते, ते ॲनोड किंवा प्लेट. त्यावर तीनशे-चारशे व्होल्ट धन वीज असते, ती या कणांना ओढून घेते. मध्ये हवा असती तर कण हवेवर आपटून अडकले असते आणि तापलेली तारही जळून गेली असती. म्हणून नळीतली हवा उपसून काढतात. या दोहोंच्या मध्ये अगदी बारीक तारेची जाळी गुंडाळलेली असते. तीच पाटाची फळी. माईकमधून आलेली वीज मुंगीच्या पावलाची. ती पहिल्या लहान वॉल्व्हमध्ये वाढते, मग पुढच्या वॉल्व्हच्या जाळीवर येते. जाळी हुकूम करते आणि चारशे व्होल्टांचा लोंढा तुमच्या आवाजाबरहुकूम नाचतो.

शेवटचे दोन मोठे वॉल्व्ह जोडीने काम करतात. उखळात दोघी बायका समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने मुसळ घालतात, एकीचे वर तर दुसरीचे खाली, तसेच हे. एक वॉल्व्ह आवाजाच्या लाटेचा वरचा भाग उचलतो, दुसरा खालचा. एकटीने कांडण्यापेक्षा जोडीने कांडण दुपटीहून जास्त होते, हे घरातल्या आजीला विचारा. मशीनमध्येही तसेच होते.

हा शोध काही एका दिवसात लागला नाही. तापलेल्या तारेतून निर्वात जागेत वीज वाहते हे एडिसनच्या दिव्यांत १८८० च्या सुमारास दिसले होते. १९०४ साली इंग्लंडमध्ये फ्लेमिंगने त्यावरून दोन भागांची नळी केली. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्टने मध्ये जाळी घातली. गंमत म्हणजे आपल्या नळीत नेमके काय घडते ते त्यालाही नीट उमगले नव्हते. नळीतली हवा पुरती काढायला हवी हे इतरांनी ओळखले, आणि १९१२-१३ नंतर टेलिफोनच्या लांब तारांवरचा क्षीण झालेला आवाज वाढवायला तिचा उपयोग होऊ लागला. लाऊडस्पीकर त्याच्या मागून आला.

नावे वाचायला शिका

हा भाग सावकाश वाचा, कारण पैशाची गोष्ट इथे आहे. वॉल्व्हच्या काचेवर किंवा काळ्या बुडख्यावर अक्षरे व आकडे छापलेले असतात. मशीनच्या शेवटच्या टप्प्यात बहुधा पुढीलपैकी एक जोडी असते. 'सिक्स एल सिक्स' हा अमेरिकेच्या आर.सी.ए. कंपनीने १९३६ साली काढला. त्याचाच भाऊ '८०७', त्याच्या डोक्यावर धातूची टोपी असते आणि तिला वरून तार जोडलेली असते. युरोपातला 'ईएल ३४' हा १९५० च्या आसपासचा. उंच, सडपातळ, तापायला नुसता दीड अँपिअर खाणारा. 'केटी ८८' हा १९५६ सालचा इंग्रजी पैलवान, याची जोडी शंभर वॅटपर्यंत आवाज देते. लहान मशीनमध्ये 'ईएल ८४' असतो. त्याला बुडखा नसतो, काचेतूनच नऊ काड्या बाहेर आलेल्या असतात. माईकच्या बाजूचा छोटा वॉल्व्ह बहुतेक वेळा 'ईसीसी ८३' असतो.

आपल्या देशात ही मशिने करणारी मोठी नावे दोन. एक 'शिकागो रेडिओ'. नाव अमेरिकन, पण घराणे मोटवानींचे; १९०९ साली सिंधमधल्या सक्कर गावी सुरू झालेला हा धंदा पुढे मुंबईत वाढला. १९३० च्या दशकापासून काँग्रेसच्या अधिवेशनांत आणि गांधीजींच्या सभांत लाऊडस्पीकर लावण्याचे काम त्यांनी केले. जुन्या छायाचित्रांत पुढाऱ्यांच्या तोंडासमोरच्या माईकवर 'शिकागो' ही अक्षरे स्पष्ट दिसतात. दुसरे नाव दिल्लीच्या 'आहुजा'चे, ते १९४० पासूनचे. गावोगावच्या मंडपांत त्यांचीच मशिने जास्त दिसली, आणि ट्रान्झिस्टरची मशिने ते आजही करतात.

वॉल्व्ह मात्र सुरुवातीला सारे परदेशी. बंगळूरच्या सरकारी भारत इलेक्ट्रॉनिक्स कारखान्याने १९६१ पासून ते देशात करायला घेतले. त्यांच्या वॉल्व्हवर 'बी.ई.एल.' अशी अक्षरे असतात. तुमच्या आजोबांचा रेडिओही वॉल्व्हचाच असणार. मर्फी रेडिओ तर आपल्या ठाण्यात बनत. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांच्या रेडिओ-सभांचा प्रयोग केला. गावकऱ्यांनी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि प्रश्न लिहून आकाशवाणीला पाठवायचे. तेव्हा ट्रान्झिस्टर आपल्या गावांत आलेला नव्हता. कंपोस्ट खताची आणि सुधारित बियाण्याची पहिली चर्चा कित्येक गावांत अशा तापल्या काचेच्या नळ्यांतून झाली.

ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत लागला. तापण्याची गरज नाही, चारशे व्होल्ट नकोत, वजन कमी, बॅटरी दुप्पट-तिप्पट पुरते. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत लाऊडस्पीकरवाल्यांनी मशिने बदलली आणि त्यांनी योग्य तेच केले. काही जुने लोक म्हणतात, वॉल्व्हचा आवाज गोड होता, आताचा कानाला लागतो. यात तथ्य आहे, पण थोडे. मर्यादेबाहेर ताण दिला तर वॉल्व्ह आवाजाला हळूहळू दाबतो; ट्रान्झिस्टर तो एकदम कापतो, म्हणून कर्कश वाटतो. पण पत्र्याच्या कर्ण्यातून ना खर्ज नीट येतो, ना अगदी बारीक स्वर. तेव्हा त्या गोडव्यात अर्धा वाटा वॉल्व्हचा आणि अर्धा आपल्या तरुणपणाचा, असे माझे मत आहे. शिवाय तेव्हा मशीन पन्नास वॅटचे होते. आताच्या मिरवणुकीत हजारो वॅटच्या भिंती उभ्या करतात आणि मग आवाज गोड नाही म्हणून तक्रार करतात! २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद ठेवायचा असतो, आणि सरकार वर्षातून फार तर पंधरा दिवस तो बारापर्यंत वाढवून देऊ शकते.

किंमत कोणाला?

मग हे जुने वॉल्व्ह आज विकत घेते कोण? गिटार वाजवणारे आणि घरात संगीत ऐकणारे शौकीन. परदेशात प्रसिद्ध गिटारवादकांच्या मार्शल, फेंडर या ॲम्प्लिफायरमध्ये आजही ईएल ३४ आणि सिक्स एल सिक्स जातीचे वॉल्व्ह लागतात, कारण तो दबून फुटणारा आवाजच त्यांना हवा असतो. नवे वॉल्व्ह करणारे कारखाने जगात मोजकेच उरले आहेत. रशियात सारातोव्हला, स्लोव्हाकियात चाड्का गावी, काही चीनमध्ये. त्यामुळे जुन्या काळचा इंग्लंडच्या मुलार्ड कंपनीचा न वापरलेला ईएल ३४ खोक्यासकट मिळाला तर त्याला हजारो रुपये मोजणारे गिऱ्हाईक आहे. आपल्या बी.ई.एल.च्या ईएल ८४ आणि ईसीसी ८३ यांनाही परदेशात मागणी असते.

पण हुरळून जाऊ नका. वापरून झिजलेल्या, तपासणी न केलेल्या वॉल्व्हला फार भाव येत नाही. घरी बसल्या एक परीक्षा करता येते. काचेच्या आत, बहुधा टोकाला, आरशासारखा चकचकीत चंदेरी डाग असतो. आत चुकून राहिलेली हवा शोषून घेण्यासाठी तो बेरियमचा लेप मुद्दाम दिलेला असतो. तो चंदेरी किंवा तपकिरी असेल तर ठीक. दुधासारखा पांढरा पडला असेल तर काचेला कुठे तरी चीर जाऊन हवा शिरली, तो वॉल्व्ह मेला. आणि एक महत्त्वाची सूचना घरातल्या स्वच्छतेची आवड असणाऱ्या भगिनींना: वॉल्व्ह ओल्या फडक्याने मुळीच पुसू नका. वरची छापील अक्षरे चटकन निघून जातात, आणि अक्षरे गेली की कोणता वॉल्व्ह ते कळत नाही, भावही जातो. कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ उडवा, अक्षरांना हात लावू नका.

आता धोका. मशीन बंद केले, प्लगही काढला, तरी आतल्या फिल्टर कंडेन्सरमध्ये चारशे-पाचशे व्होल्ट वीज साठून राहू शकते. बंद मशीनमध्ये बोट घालून माणसे दगावली आहेत. म्हणून उघडून आत हात घालण्याचे काम फक्त जाणकाराचे. मुलांना तर त्या पेटीजवळ खेळू देऊ नका.

वीस-तीस वर्षे पडून असलेले मशीन थेट मेन्सला लावणे हीही मोठी चूक. कोकणातला खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस काय करतो ते तुम्हाला विळ्याच्या पात्यावरून ठाऊक आहे. वॉल्व्हच्या पिना गंजतात, ट्रान्सफॉर्मरच्या तारेवरचे वेष्टन ओल धरते, कंडेन्सर सुकून किंवा फुगून निकामी होतात. उंदरांनी घरटे केलेले असते ते वेगळेच. अशा मशीनला जुने मेकॅनिक आधी शंभर वॅटचा साधा बल्ब मालिकेत जोडून वीज देतात. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि मशीन वाचते. सगळे ठीक असेल तर बल्ब थोडा वेळ उजळून मंद होतो. चालू केल्यावर वॉल्व्हच्या आतली तार नारिंगी दिसावी. बाहेरची प्लेट लाल होऊ लागली तर त्याच क्षणी बटण बंद करा. तो बिघाड बहुतेक वेळा स्वस्तातल्या एका कंडेन्सरचा असतो, पण मिनिटभरात महागाचा वॉल्व्ह खातो.

कर्णा जोडल्याशिवाय वॉल्व्हचे मशीन चालवून आवाज वाढवू नये. बिनभाराच्या मशीनमध्ये बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरवर भलताच दाब चढतो आणि आतल्या आत ठिणगी पडून तो जळतो. ट्रान्झिस्टरच्या मशीनमध्ये उलट भीती तारा एकमेकींना चिकटण्याची असते, त्यामुळे नव्या पोरांना जुन्या मशीनची ही खोड माहीत नसते. जुन्या मशीनची वायर बहुधा दोन तारांची असते, तिला अर्थिंग नसते. देवळात लावायचेच झाले तर आधी तीन तारांची वायर आणि चांगले अर्थिंग करून घ्या. ओल्या फरशीवर, अनवाणी, हातात लोखंडी माईक धरून आरती म्हणणारा माणूस डोळ्यांपुढे आणा, म्हणजे हे का सांगतो ते लक्षात येईल.

दुरुस्त करावे की विकावे? मंडळाला रोजच्या वापराला मशीन हवे असेल तर नवे ट्रान्झिस्टरचे घ्या. वॉल्व्ह शोधत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला खेपा घालण्यात अर्थ नाही. पण जुने मशीन गावच्या वर्गणीतून आलेले असते, गिरणीत राबणाऱ्या चाकरमान्यांनी एकेक रुपया घालून ते घेतलेले असते. तेव्हा एका माणसाने परस्पर भंगारवाल्याला देऊ नये. बैठकीत विषय घ्या. विकायचे ठरले तर आधी झाकणाच्या जाळीतून दिसतील तेवढी वॉल्व्हवरची अक्षरे वहीत उतरवा, कंपनीची पाटी, खण किती आणि कोणत्या खणात काय तेही लिहा, चांगल्या उजेडात फोटो काढा. ट्रान्सफॉर्मरही फेकू नका. चांगला आउटपुट ट्रान्सफॉर्मर शौकिनांना वॉल्व्हइतकाच हवा असतो. कपाटात जुन्या खोक्यांतले जादा वॉल्व्ह असतील तर खोकी जपा, वर्तमानपत्रात एकेक वेगळा गुंडाळा आणि पावसाळ्यापूर्वी तांदळाच्या कणगीशेजारच्या कोरड्या माळ्यावर ठेवा.